पांढऱ्या मिशीला नीळ

"एक थेंब! माझ्या अंगावर, माझ्या घरात एक थेंब जरी दिसला ना आसावरी वहिनी, तर दिवाळी पहाटेला फडके रोडवर गमबूट घालून फिरेन. पाठीवर पंप, तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर तो बेडकाचा चष्मा. बोला, आहे हिंमत?"

"आहे. आणि मी हरले तर नऊवारीवर पंप बांधून मी फिरते."

डोंबिवली पूर्वेतल्या सोनचाफा सोसायटीच्या पार्किंगमध्ये टाळ्या पडल्या. पैज लावणारे तानाजीराव हे सोसायटीच्या बागेचे प्रमुख. वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळून रिटायर झालेले. डबे मोजून ट्रकमध्ये चढवायचे, एवढंच त्यांचं काम. पण "केमिकल माझ्या रक्तात आहे" असं ते सांगायचे. "एकदा टेस्ट करून घ्या," असं आसावरी त्यावर म्हणायची.

आसावरी बी विंगमध्ये तळमजल्याला राहते. एक एप्रिलला पाणी जाणार अशी थाप मारून तिने अख्ख्या सोसायटीला पातेली, बादल्या आणि एकाला तर बाळाचा टबसुद्धा भरायला लावलेला. त्यामुळे ती गंभीर चेहऱ्याने बोलायला लागली की लोक आधी मागे वळून बघतात.

या वेळी मात्र प्रकरण खरंच गंभीर होतं. पावसाळा संपला आणि लॉनमध्ये लव्हाळा माजला. तणनाशक मारायचं होतं. मागच्या खेपेला माळी मारुतीने नुसतं बनियन आणि चप्पल घालून फवारणी केलेली, आणि संध्याकाळी त्याला चक्कर, उलट्या. त्याची बायको नंदा त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. म्हणून यंदा मारुती कमिटीपुढे येऊन म्हणाला, "हातमोजे, मास्क द्या आणि कोणीतरी नीट शिकवा. त्याशिवाय मी पंप उचलणार नाय."

"पंपाचं ट्रेनिंग?" तानाजीराव हसले. "उद्या झाडू मारायचं पण मागशील! मागच्या वेळी तू सुकट जास्त खाल्लेली, दुसरं काही नाही. नसेल जमत तर सांग, विठ्ठलवाडीचा एक माळी तयार आहे."

मारुतीचा चेहरा उतरला. पोरांची शाळा, खोलीचं भाडं, सगळं या एका लॉनवर चालायचं. तेवढ्यात आसावरी पुढे झाली आणि पैजेवर गोष्ट आली. ठरलं असं: पंपात औषध नाही, नुसतं पाणी, त्यात कपड्यांना घालायची नीळ. विष दिसत नाही, नीळ दिसते. तानाजीरावांनी फवारायचं, घरी जायचं, चहा घ्यायचा आणि मग तपासणी. सगळं स्वच्छ निघालं तर मारुतीने आहे तसाच पंप मारायचा किंवा काम सोडायचं. डाग निघाला तर किट आणि ट्रेनिंग.

रविवारी सकाळी तानाजीराव कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. गॅलऱ्या भरलेल्या. त्यांनी बोट ओलं करून वारा बघितला, वाऱ्याकडे पाठ केली आणि थाटात दांडा हलवायला लागले. खोटं कशाला बोला, सुरुवात झकास होती. अर्धं लॉन निळं झालं आणि शर्ट मात्र पांढराच.

"बघितलंस मारुती? ह्याला कला म्हणतात!"

तेवढ्यात नोझल तुंबलं.

आता पंपवाल्याचं नोझल तुंबलं की तो काय करतो? तेच तानाजीरावांनी केलं. नोझल काढलं, ओठांत धरलं आणि फुर्रकन फुंकलं. पांढऱ्या मिशीचा खालचा काठ निळा झाला. एवढ्यात फोन वाजला. त्याच हाताने त्यांनी तो कानाला लावला. साडूचा फोन. "अरे, जिंकल्यातच जमा आहे! तू फडके रोडला कॅमेरा घेऊन ये."

गॅलरीत कोणीतरी फिस्सकन हसलं. आसावरीने वर बघून ओठांवर बोट ठेवलं.

फवारणी संपली. तानाजीरावांनी बागेच्या नळावर ऐटीत हात धुतले, पँटला मागे पुसले आणि छाती पुढे काढली. "या, तपासा!"

"अहो, आधी घरी जा, चहा घ्या. ठरलंय तसंच करू," आसावरी इतकं गोड बोलली की दुसरा कोणी असता तर पळून गेला असता.

तानाजीरावांनी हात धुतले होते, पण मोबाईल कोण धुतो? साडूला उरलेली हकिगत सांगायची म्हणून त्यांनी तो परत काढला. तो या हातात, त्या हातात, पुन्हा कानाला. त्याच बोटाने लिफ्टचं बटण, त्याच बोटाने घराची बेल. कोणी येईना म्हणून मूठ फिरवून स्वतःच शिरले. आत त्यांची बायको सुमती गॅससमोर पाठमोरी, करंज्या तळत होती. तानाजीराव एवढे खुशीत की म्हणाले, "सुमे, त्या राहिलेल्या इकडे घेतो. कडा मी दाबून देतो."

"आज सूर्य कुठे उगवलाय?"

"डोंबिवली पूर्वेलाच!"

आणि ते बसले, एक कान फोनला आणि एक अंगठा करंजीला.

चहा संपतो न संपतो तोच आसावरी, मारुती आणि मागून निम्मी सोसायटी दारात हजर. त्यांना पत्ता विचारावा लागला नाही. लिफ्टचं बटण निळं, बेल निळी, दाराची मूठ निळी.

"चला, शर्ट बघा!" तानाजीराव उठले. "पांढरा आहे की नाही?"

सुमती झारा घेऊन वळली आणि थबकली. "अहो... तुमच्या मिशीला काय झालंय? आणि कान?"

मग तिची नजर ताटाकडे गेली. पांढऱ्याशुभ्र करंज्या ओळीने मांडलेल्या आणि प्रत्येकीच्या कडेला एकेक निळा अंगठा. जणू सगळ्या मतदान करून आल्या होत्या.

सगळे फुटले. कोणी सोफ्यावर पडलं, कोणी जिन्यात जाऊन हसलं. तानाजीराव आरशासमोर उभे राहून मिशी घासत होते आणि ती आणखी निळी होत होती.

सुमती तेवढी हसली नाही. ती हळूच म्हणाली, "ही नीळ होती म्हणून बरं. औषध असतं तर? उद्या उर्वी येणार आहे. पहिली करंजी आपली नात खाते."

मारुती ताटाकडे बघतच राहिला होता. "साहेब," तो म्हणाला, "नोझल मी पण तोंडानेच फुंकतो. दर वेळेला."

तानाजीरावांनी टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाले, "कमिटीला सांगा, किट मागवा. चांगल्यातलं. आणि शिकवायला जो कोणी येईल, त्याच्यासमोर पहिल्या खुर्चीत मी बसणार."

"आणि फडके रोड?" आसावरीने विचारलं.

"मर्दाचा शब्द आहे, वहिनी."

दिवाळी पहाटेला फडके रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. पैठण्या, झब्बे, गजरे, अत्तरं. त्या गर्दीतून गमबूट वाजवत, हातमोजे, मास्क, चष्मा लावून, पाठीवर रिकामा पंप घेऊन तानाजीराव निघाले. चष्म्यावर वाफ धरलेली, पण चाल राजाची. पोरं सेल्फीला धावली. आसावरी खास नवी पैठणी नेसून जिंकल्याची मिरवणूक काढायला आलेली. तिचा फोटो कोणी काढेना. उलट दोघांनी तिच्याच हातात मोबाईल दिला. "काकू, आमचा काढा ना ह्यांच्याबरोबर."

तानाजीरावांच्या मागे पावलापावलावर मारुती होता. नव्या शर्टात, शेजारी नंदा, आणि तोंडाने सारखं चालू, "साहेब, गुडघे वाकवू नका, गमबूट चिरेल. साहेब, चष्मा हाताने पुसू नका, ओरखडे पडतील. सोमवारी मला लागणार आहे तो."

"हो रे बाबा, हो," मास्कच्या आतून आवाज आला.

एका तरुणीने मारुतीला विचारलं, "दादा, हे कोण आहेत?"

मारुतीने तानाजीरावांच्या पाठीवरचा सुटलेला पट्टा घट्ट केला आणि म्हणाला, "आमच्याकडे नवीन आहेत. शिकतायत."