तायडे सरांचा दुसरा कॅमेरा

माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर, खिडकीजवळ, एक कॅमेरा बसतो. ठेवलेला नसतो, बसतो. त्याला सीटबेल्टही लावलेला असतो. एकदा चिखलदऱ्याला जाताना माझे साडू सोबत होते. दुसऱ्या खिडकीशी नेहमीप्रमाणे आमचं सामान रचलेलं, आणि त्यांना खिडकी हवी होती म्हणून त्यांनी ती बॅग उचलून डिकीत टाकायची तयारी केली, तर पुढच्या सीटवरून आवाज आला, "राहू द्या भाऊ, तो बसला तिथं. तुमी मधात सरका." साडू मधात सरकले आणि परतवाडा येईपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन बसले. त्यानंतर आमच्याबरोबर यायचं म्हटलं की त्यांना नेमकं काहीतरी काम निघतं.

तो आवाज तायडे सरांचा. सर अमरावतीत आमच्या शेजारच्या घरात राहतात. चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. मूळचे अकोल्याचे, आणि ते अकोल्याचे आहेत हे मी त्यांना फारसं विसरू देत नाही. उन्हाळ्यात अकोला जास्त तापतं की अमरावती यावरून आमची दरवर्षी भांडणं होतात. खरं तर दोन्हीकडे माणूस सारखाच भाजून निघतो, पण गावाचा अभिमान म्हणून काही असतो की नाही!

सरांना फोटोग्राफीचं वेड आहे. पाखरं, झाडं, धुकं, मेळघाटातले रस्ते, जे दिसेल ते टिपतात. वेड असायला माझी हरकत नाही, मलाही थोडं आहे. पण सरांचं वेड जोडीनं चालतं. कॅमेरे दोन. बॅटऱ्या दुप्पट, चार्जर दोन, कार्डं दुप्पट, लेन्स पुसायची फडकी दोन. इथपर्यंत ठीक आहे, बाहेरगावी फोटोला जाताना जोडसामान असावं हे मलाही पटतं. पण सरांच्या पिशवीत चष्मे दोन, टॉर्च दोन, आणि ठेच्याचे डबेही दोन असतात. "एक सांडला तं?" असं ते विचारतात. सांडला तर बिनठेच्याची भाकर खाऊ, असं मी एकदा म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी वऱ्हाडचा आहे की नाही याची त्यांना शंका यावी.

याबाबतीत काकूंची, म्हणजे सौ. तायडेंची, साक्ष काढायला हवी. त्या सांगतात, "आमच्या लग्नात यायनं दोन हार आनले होते. मी म्हटलं, दुसरा कोनासाठी? तं म्हने, पयला तुटला तं?" मग पदर सावरत म्हणतात, "आमच्या घरात साऱ्यायचं दुसरं हाये बापा. एक माहंच नाही, तेवढं नशीब." यावर सर नुसते मिशीत हसतात. काकूंपुढे त्यांचं काही चालत नाही.

सरांचा पहिला कॅमेरा चांगला आहे, लांब पल्ल्याच्या लेन्सचा. दुसरा जुना आहे, वापरलेला घेतलेला, त्याची लेन्सही साधीच. पण त्याला कुणी 'एक्स्ट्रा' म्हटलेलं सरांना खपत नाही. बाजारात एका दुकानदारानं विचारलं, "सर, हा तुमचा एक्स्ट्रा कॅमेरा काय?" सरांनी काउंटरवर मांडलेलं सगळं सामान परत पिशवीत भरायला घेतलं. "एक्स्ट्रा नाही, दुसरा," ते म्हणाले. "घरात दोन पोरं असले तं दुसऱ्याले एक्स्ट्रा म्हनता काय तुमी?" दुकानदाराला खरोखरच दोन मुलं होती.

जंगलाच्या फाटकावर कॅमेऱ्याचं शुल्क भरावं लागतं. तिथल्या माणसानं समजुतीनं सांगितलं की बॅगेतला कॅमेरा बाहेर काढणार नसाल तर एकाचंच भरा. सर म्हणाले, "लिहा दोन. तोही कॅमेराच हाये." मागे गाड्यांची रांग लागलेली, हॉर्न वाजताहेत, आणि आमचे सर न वापरायच्या कॅमेऱ्याची पावती फाडून घेताहेत. पावती मिळाल्यावर त्यांनी ती दुसऱ्या कॅमेऱ्याच्याच बॅगेत नीट घडी करून ठेवली. जणू त्याला कुणी अडवलं तर त्याच्याजवळ असावी.

न वापरायच्या म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. प्रत्येक ठिकाणी पहिल्या कॅमेऱ्यानं फोटो काढून झाला की सर सावकाश दुसरा बाहेर काढतात, त्याची लेन्स पुसतात आणि त्यानंही एक फोटो घेतात. एकच. तोवर पाखरू उडालेलं असतं, सांबर झाडीत गेलेलं असतं, आणि मी घड्याळाकडे पाहत असतो. सर मोकळ्या फांदीचा फोटो काढतात. "बसून बसून बुरशी धरते ना बावा लेन्सले," हे त्यांचं कारण. कारण शास्त्रशुद्ध होतं, त्यामुळे मला वाद घालता येत नसे.

पण या सगळ्यात गोची अशी की दुसऱ्या कॅमेऱ्याची गरज कधी पडलीच नाही. पडणार कशी? सर पहिल्या कॅमेऱ्याला तान्ह्या बाळासारखं जपतात. तो बंद पडत नाही, त्याची बॅटरी उतरत नाही, त्याचं कार्ड भरत नाही. इतक्या वर्षांत दुसऱ्यानं कितीतरी घाट चढले आणि उतरले, पण त्याच्यावाचून अडलं असं एकदाही झालं नाही. आमच्यातले हौशी फोटोवाले भेटले की पहिला प्रश्न हाच, "काय सर, लागला काय नंबर?" सर प्रत्येक वेळी एकच उत्तर देत, "असू द्या. लागन त्याचाही नंबर."

हे बोलताना ते हसत नसत. मला आधी वाटायचं की थट्टेनं वैतागले असतील. पण पुढं पुढं माझ्या लक्षात आलं की हा माणूस खरोखर वाट पाहतो आहे. आणि मग, कबूल करतो, मीही पाहायला लागलो. दर वेळी घरी परतल्यावर सर तो कॅमेरा बॅगेतून काढून कपाटात ठेवत आणि मला उगीच चुटपूट लागे.

मागच्या हिवाळ्यात आमच्याबरोबर अकोल्याचे एक दातांचे डॉक्टर आले. त्यांचा कॅमेरा इतका मोठा, की खांद्यावर घेतल्यावर डॉक्टर मागे दिसत नसत. माणूस दिलाचा चांगला, पण बोलणं मोठं. मागच्या सीटवर सीटबेल्ट लावलेली बॅग पाहून ते खो खो हसले. "सर, माझ्या कॅमेऱ्याला जोडीदार लागत नाही. चांगली वस्तू बंद पडत नसते." सर म्हणाले, "हो ना. चांगलीच हाये तुमची." आणि त्यांनी डॉक्टरांना सीटवर मधात सरकायला सांगितलं.

डॉक्टरांना रानपिंगळा हवा होता. मेळघाटातलं हे छोटं घुबड दिवसाढवळ्या फिरतं, पण नशिबात असेल तरच दिसतं. डॉक्टर त्याच्यासाठी कितीतरी हिवाळे येत होते आणि दर वेळी रिकाम्या हातानं अकोल्याला जात होते. रस्ताभर त्यांनी त्या पाखराबद्दल इतकं सांगितलं, की ते दिसलं नाही तर या माणसाला घरी कसं न्यायचं, याची मला काळजी लागली.

सकाळी धुकं विरळ होत होतं. एका वठलेल्या सागाच्या फांदीवर तो बसलेला होता. रानपिंगळाच. गोल डोकं, पिवळे डोळे, आणि आमच्याकडे असा रोखून पाहत होता, जणू त्याच्या घरात आम्ही न विचारता शिरलो आहोत. डॉक्टरांनी श्वास रोखून कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि पडदा काळा झाला. डॉक्टरांनी बॅटरी काढली, घातली, कॅमेरा चालू केला, बंद केला. डॉक्टरांचा चेहरा त्यांच्याच खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखा झाला.

मी सरांकडे पाहिलं. नंबर लागला! इतक्या वर्षांनी लागला! सर आता बॅगेतून दुसरा काढणार आणि डॉक्टरांच्या हातात देणार.

सरांनी गळ्यातला पहिला कॅमेरा काढला. चांगला, लांब लेन्सचा, तान्ह्या बाळासारखा जपलेला. तो त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिला. "घ्या. डोळा लावा. हलू नका," एवढंच हळूच बोलले. मग बॅगेतून दुसरा काढला, लेन्स पुसली आणि स्वतः त्यानं फोटो काढायला लागले. या वेळी एकच नाही. पाखरू बसलं होतं तोवर ते काढतच राहिले.

रानपिंगळा उडाला. डॉक्टरांनी सरांना मिठी मारली, मग मला मारली, मग गाडीच्या बॉनेटवरही हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. फोटो झकास आला होता, चौकटभर रानपिंगळा. सरांच्या जुन्या कॅमेऱ्यात मात्र भलामोठा साग, धुकं, आणि फांदीवर मुठीएवढं पाखरू. डॉक्टर चिखलदऱ्यालाच नातेवाइकांकडे थांबले. जाताना त्यांनी पहिला कॅमेरा दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाले, "सर, पुढच्या खेपेला मीही दुसरा घेऊन येतो." तेवढ्यानंही माझी छाती फुगली. जिथं जातो तिथं मी हा किस्सा सांगतो, आणि प्रत्येक वेळी 'आमचे तायडे सर' असंच म्हणतो.

पण परतताना घाटात मला राहवेना. मागची खिडकीजवळची सीट रिकामी होती, दुसरा कॅमेरा सरांच्या मांडीवर होता.

"सर, दुसरा असतो कशासाठी? अशाच वेळेसाठी ना?" मी विचारलं. "मग चांगला काहून दिला त्यांना? तुमचाच फोटो तसा आला असता."

सर म्हणाले, "त्याले दुसरा देल्ला असता, तं त्याले वाटलं असतं, आपल्याले उरलंसुरलं देल्लं. आन बावा..." त्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. "यानं इतके वर्सं वाट पायली. याचा नंबर लागला, आन तवाच याले लोकाच्या हाती देऊ?"

मी गाडी हळू केली.

"तुमाले मालूम नसन, मी नोकरीत अतिरिक्त होतो," सर म्हणाले.

आमच्याकडे शाळेत मुलं कमी झाली की वर्ग बंद होतो आणि एखादा शिक्षक जादा ठरतो. त्याला 'अतिरिक्त' म्हणतात. मग वरून आदेश येईल त्या शाळेत जायचं, तिथली गरज संपली की पुढच्या. चित्रकलेच्या शिक्षकावर ही वेळ लवकर येते. हे मला ठाऊक होतं. सरांच्या बाबतीत ठाऊक नव्हतं.

"चांदूर रेल्वेले गेलो, नांदगाव खंडेश्वरले गेलो. जिथं जाव तिथं मानसं चांगले. च्या देत, बोलत. पन टेबल नाही, वर्ग नाही. कोनी सुट्टीवर गेला का त्याच्या वर्गावर मी. नाही तं बसून राहाचं. सकाळपासून तयार, भांग पाडून, खडू खिशात, आन कोनी बलावत नाही." ते खिडकीबाहेर पाहत होते. "वर्साच्या शेवटी शिक्षकायचा फोटो निघे. खुर्च्या मांडत. मी त्या शाळेचा नाही, मंग कोनीतरी कॅमेरा माया हातात दे, 'सर, तुमी काढा.' वाईट मनानं नाही म्हनत. पन साऱ्याच शाळाईत तसंच झालं. मंग हात बसला माहा. फोटो मले येते तो असा."

इतकी वर्षं मी या माणसाच्या ठेच्याच्या डब्यांवर विनोद करत होतो, आणि त्या प्रत्येक शाळेतल्या फोटोत हा माणूस नव्हता.

"म्हनून यानं जाऊ तिथं एक तरी काढला पाह्यजे," सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "बसून राहनं लय वाईट असते."

"म्हणजे बुरशी?"

"बुरशी धरतेच ना बावा. ते खोटं नाही."

पुढच्या वळणावर जरा सपाट जागा आली. मी गाडी बाजूला घेतली, सरांच्या मांडीवरचा कॅमेरा उचलला आणि म्हणालो, "उतरा खाली."

"माहा कायले?"

"उतरा तर."

ते उतरले. दरीकडे पाठ करून उभे राहिले. खिशातून कंगवा काढून भांग नीट केला, शर्टाचं वरचं बटण लावलं, हात मागे बांधले आणि मान ताठ केली. शाळेच्या फोटोत मधल्या खुर्चीमागे शिक्षक उभा राहतो तसा तो माणूस उभा होता. मागे सातपुडा होता. मी आयुष्यात काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे आणि त्याचं श्रेय मी कुणालाही देणार नाही.

पडद्यावरचा फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पाहत राहिले. मग गाडीकडे गेले, पहिला कॅमेरा गळ्यात अडकवून परत आले आणि तो माझ्या हातात दिला.

"आता यानंही एक काढा," सर पुन्हा दरीकडे पाठ करून उभे राहत म्हणाले, "नाही तं त्याले वाईट वाटन."