वासंतीताईंच्या फ्रीजमधले नातेवाईक

डॉ. वासंती म्हात्रे यांचे बहुतेक नातेवाईक आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये राहतात. वरच्या कप्प्यात गजा भावोजी, त्यांच्या शेजारी सुमनमावशी, खालच्या कप्प्यात मधला काका आणि अख्खी भावकी. प्रत्येकजण बोटभर काचेच्या बाटलीत, वर पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईत नाव. नवा शिपाई रुजू झाला तेव्हा पहिल्याच दिवशी तो फ्रीज उघडून हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं, अस्थी आहेत.

आमचं फार्मसीचं कॉलेज रोह्याच्या बाहेर, धाटावच्या रस्त्याला. मी औषधी वनस्पती शिकवते. पलीकडच्या खोलीत वासंतीताई पॉलिमरचे कण बनवतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. त्या कणांच्या पोटात औषध भरायचं आणि वरून असं अस्तर चढवायचं की रक्तातून जाताना ते वाटेत सांडू नये, दुखऱ्या जागीच उतरावं. ऐकायला सोपं वाटतं. पण कण काही ऐकत नाहीत. प्रत्येक खेपेला नवी खोड काढतात, आणि ती खोड घरातल्या कुणाची तरी असतेच, असं वासंतीताईंचं ठाम मत.

"हे गजा भावोजी," त्या मला पहिल्यांदा ओळख करून देताना म्हणाल्या होत्या. "पोटात काही राहत नाही. जिते स्टेशनात गाडीत बसताना कानात सांगितलेलं नागोठणं यायच्या आत सगळ्या डब्याला माहीत. ह्या कणांत औषध भरलं की तासाभरात सगळं बाहेर."

सुमनमावशी कुठेही बसली की उठायची नाही. तिच्या नावाचे कण बाटलीच्या काचेला चिकटायचे ते चिकटायचेच. भावकीचे कण साध्या पाण्यात एकमेकांपासून लांब राहायचे, पण मिठाचा नुसता वास लागला की सगळे मिळून गठ्ठा. "वाटणीच्या दिवशी जमतात तसे," ताई म्हणायच्या. मधल्या काकाला कुठल्याही लग्नाला पाठवलं की पत्ता विचारत विचारत तो भलत्याच मांडवात जेवून येई. त्याच्या नावाचे कण मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत उंदरांच्या फुप्फुसांकडे पाठवले होते. सगळे यकृतात जाऊन बसले.

ह्या कामापायी ताईंचा साध्या औषधांवरचा विश्वास पार उडालेला. स्टाफरूममध्ये कुणी डोकेदुखीची गोळी काढली की त्या हातातला चहा खाली ठेवायच्या.

"दुखतंय काय?"

"डोकं, मॅडम."

"मग पायाच्या अंगठ्यानं काय घोडं मारलंय? त्याला कशाला गोळी?"

समोरचा बिचारा स्वतःच्या अंगठ्याकडे बघायचा. आमच्या प्राचार्यांना रक्तदाबाची गोळी रोज लागायची, तर ते ती ताईंची चाहूल घेऊन, दार लावून घ्यायचे. एकदा ताईंनी स्वतःच तापात दोन दिवस काढले. मी गोळ्या पुढे केल्यावर म्हणाल्या, "घेते गो शुभा, पण मनाला पटत नाही." आणि गोळीला उद्देशून, "सरळ जा," असं बजावून त्यांनी ती गिळली.

ताईंचं घर जित्यापासून आत, खाडीकडच्या गावात. लग्न केलं नाही. एवढ्या लांबून रोज येतात, आणि नागोठण्याला पाणी भरून गाडी अडकली तर डब्यातच बसून पेपर तपासतात. घरचं मात्र बोलत नाहीत. म्हणजे भावोजी, मावशी, काका यांच्याबद्दल तासन्‌तास बोलतील, पण घरात कोण असतं ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

कॉलेजच्या तपासणीला एकदा बाहेरून समिती आली. त्यातल्या एका गृहस्थांनी फ्रीज उघडला, सगळी नावं शांतपणे वाचली आणि विचारलं, "ह्यात औषध कुठलं भरता?"

ताईंनी क्षयाच्या एका जुन्या इंजेक्शनचं नाव सांगितलं. फुप्फुसांना बरं करता करता ते औषध कधी कधी कान निकामी करतं, हे आम्ही सगळेच पुस्तकात शिकलेलो.

"पण आता गोळ्या आल्यात," गृहस्थ म्हणाले. "सुई देतं कोण?"

"गोळ्यांनी ज्यांचं भागत नाही त्यांना अजून देतात, सर. थोडेच असतात."

"थोड्यांसाठी एवढा खटाटोप?"

"व्हय," ताई म्हणाल्या आणि फ्रीजचं दार त्यांनी हळूच लावलं.

त्यानंतर धाकटी आत्या जन्माला आली. म्हणजे बाटली. धाकटी आत्या कुणाच्याही घरी बोलावल्याशिवाय जात नाही, गेली की नेमून दिलेलं काम उरकते आणि गवगवा न करता निघते, अशी ताईंची माहिती. ह्या कणांनी आमच्या खोलीतल्या सगळ्या परीक्षा दिल्या. पुढची परीक्षा उंदरांवर, ती आमच्याकडे होण्यासारखी नव्हती. मुंबईच्या त्याच संस्थेकडे बाटल्या बर्फात घालून पाठवल्या. ताई स्वतः घेऊन गेल्या, मांडीवर डबा ठेवून.

निकालाचा फोन दुपारी आला तेव्हा मी त्यांच्याच खोलीत होते. ताई नुसतं "हो" म्हणत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "फुप्फुसांत उतरलं. कानात जवळजवळ नाहीच."

मी पेढे आणायची भाषा काढली. ताईंनी टेबल आवरायला घेतलं. मग म्हणाल्या, "आज घरी लवकर जाते. तू येतेस?"

इतक्या वर्षांत हे पहिलं बोलावणं. मी पर्स उचलली.

गाडीत पेण मागे पडेपर्यंत त्या पेपर तपासत होत्या. मग आपणहून सांगायला लागल्या. त्यांची आई गावातली धवलारीण. आगरी लग्नात विधी एकीकडे आणि धवलारणीची गाणी, म्हणजे धवले, एकीकडे. हळदीपासून पाठवणीपर्यंत ती गाते तेव्हा लग्न पुढे सरकतं. आईला लांबलांबून बोलावणी यायची. वासंती आठवीत असताना आईला क्षय झाला. सुया सुरू झाल्या. फुप्फुसं बरी झाली आणि कान गेले.

"डॉक्टर चांगला होता," ताई म्हणाल्या. "आय जगली ती त्याच्यामुळे. औषध पण चांगलंच होतं. फक्त ते सगळीकडे गेलं."

"मग गाणं?"

"सोडलं. स्वतःचा सूर आयकू येत नाही, तर दुसऱ्याच्या पोरीचं लगीन कशाला बिघडवू, म्हणाली. तेव्हापासून घरात आवाज नाही बघ."

जित्याला उतरून रिक्षाने गावात पोचलो. अंगणात खाटेवर पापड वाळत होते आणि बाजूला आय बसली होती, कावळ्यांवर नजर ठेवून. ताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, तोंड नीट दिसेल अशा, आणि सावकाश ओठ हलवत सांगू लागल्या. माझं औषध झालं. छातीत जातं. कानात जात नाही. आय त्यांच्या ओठांकडे टक लावून होती. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं,

"म्हंजे मना आयकू येल?"

ताईंना ह्या प्रश्नाची कल्पना नसावी. की असेल, आणि म्हणूनच मला बरोबर आणलं असेल. त्यांनी आयचा हात धरला आणि मान हलवली. "नाय, आय. जे गेलंय ते येत नाय. पुढं कुणाला सुई लागली, तर त्यांचे कान जायचे नाहीत."

आय पापडांकडे वळली.

"बरा केलास," ती म्हणाली. तिने दोन पापड उलटले. मग माझ्याकडे वळली. "तू हिच्या कालेजातली ना गो बाय?"

मी मान डोलावली.

"हिचा आवाज आता कसा हाय? ल्हान व्हती तवाचा मना ठावं हाय. चिमनीसारका व्हता. आता बाई मानूस झाली. आता कसा हाय?"

माणसाचा आवाज ओठांनी कसा सांगायचा. मी आयकडे बोट केलं आणि म्हटलं, "तुमच्यासारखा."

आय संशयाने माझ्याकडे बघत राहिली. "माजा कसा व्हता ता तुना काय ठावं?"

मला हसू आलं, आणि मी खरंच ठाऊक नाही म्हणून मान हलवली. तशी आय सावरून बसली, पदर नीट केला, आणि मला दाखवायला म्हणून तिने हळदीच्या धवल्याची पहिली ओळ काढली.

सूर जागेवर नव्हता. वर चढायच्या जागी तो घसरायचा, मग आय अंदाजाने पुन्हा वर जायची. घरात पाणी आणायला गेलेल्या वासंतीताई तांब्या घेऊन दारातच थांबल्या. दुसऱ्या ओळीनंतर आय अडखळली. पुढचे शब्द आठवेनात. तिने एकदा आकाशाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

ताईंनी तांब्या पायरीवर ठेवला, आयसमोर येऊन बसल्या आणि तिसरी ओळ म्हटली. आयला दिसावी अशी, तोंड पूर्ण उघडून. आयने ओठ वाचले आणि ओळ उचलली. मग चौथी. माझं तिथे काही काम नव्हतं, म्हणून मी कावळे हाकत बसले. त्या दोघी सबंध धवला गायल्या, लेक अर्धा शब्द पुढे, आय अर्धा शब्द मागे, आणि सगळा वेळ आयची नजर लेकीच्या ओठांवर.