सासूबाईंच्या मुळ्याचा गंज

आमच्या वरच्या मजल्यावरच्या नाम गिउकच्या चित्राला काही केल्या गंज चढेना. गॅलरीतल्या सायकलीला तो न सांगता चढला होता, बाथरूमच्या कडीला चढला होता. ज्या एका फळीसमोर हा माणूस आठवडाभर गंजाची वाट बघत बसला होता, ती मात्र राखाडी ती राखाडीच. आणि प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

बसडेपोतून निवृत्त झाल्यावर गिउकने चोंगजू शहराच्या सांस्कृतिक केंद्रात या कलेसाठी नाव घातलं होतं. फळीवर पुट्टी थापायची, ती ओरबाडून खडबडीत करायची, वर तांब्या-पितळेचे रंग द्यायचे आणि शेवटी खऱ्या लोखंडाची भुकटी घातलेला रंग. त्यावर बाटलीतलं औषध फवारलं की खराखुरा गंज उमलतो. म्हणजे, इतरांचा उमलायचा. गिउकची पहिली फळी भिंतीवर बघून त्याच्या बायकोने, मिरानने, वरच्या मजल्यावर फोन करून तुमचा नळ गळतोय का म्हणून विचारलं होतं. दुसरी फळी तिने सोफ्यामागे ठेवली, तीही तोंड भिंतीकडे करून. गिउकला फार काही नको होतं. कुणीतरी एकदा समोर उभं राहून 'छान झालंय' म्हणावं, एवढंच. आता तेही या जन्मी होईलसं दिसत नव्हतं.

त्यातच बाटली संपली. त्याने शिकवणाऱ्या ग्वाकबाईंना फोन लावला.

"बाई, औषध संपलं हो."

"आज रविवार, गिउकसाहेब. दुकानं कुठली उघडी असणार? तसं त्यात असतं तरी काय, मीठ आणि आंबट. घरातलं काहीतरी बघा."

मीठ आणि आंबट म्हटल्यावर आमच्या कोरियातल्या माणसाचे पाय आपोआप किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांच्या, फ्रिजकडे वळतात. खालच्या कप्प्यात सासूबाईंची मोठी बरणी होती. अख्खे मुळे आणि त्यांचं महिनोन्‌महिने मुरलेलं पांढरं पाणी, म्हणजे डोंगचिमी. म्हातारीने हिवाळ्याच्या तोंडाशी स्वतःच्या हाताने घातलेली. त्यानंतर ती जी आजारी पडली ती दवाखान्यातच होती. अन्नावरची वासना उडाली होती, पेज आणली की ती तोंड फिरवायची. "घरी गेले की माझं मुळ्याचं पाणी पिईन," एवढंच म्हणायची. मिरान सकाळीच तिला आणायला गेली होती. गिउकला हे सगळं ठाऊक होतं. पण बरणी एवढी मोठी, एका पळीने काय होतंय, असं त्याला वाटलं.

पळीभर पाणी फवारलं आणि फळी जागी झाली. आधी कडांना पिवळं, मग नारिंगी, मग जुन्या गिरणीच्या पत्र्यासारखा गर्द तांबडा गंज फुटला. गिउकच्या डोळ्यांत पाणी आलं. डावा कोपरा राहिला म्हणून आणखी एक पळी. उजवा फिका वाटला म्हणून आणखी. मग मधल्या भागाने तरी काय पाप केलं होतं? फोन वाजला तेव्हा बरणीत मुळे उघडे पडले होते.

"अहो, निघालो आम्ही. आई गारठलीय, जमिनीखालचा हीटर लावून जमीन तापवून ठेवा," मिरान म्हणाली. "आणि तिची डोंगचिमी बाहेर काढा. गाडीत बसल्यापासून तेच चाललंय तिचं."

गिउकने फोन ठेवला. त्याने बरणीत साधं पाणी ओतलं, मीठ टाकलं, व्हिनेगर टाकलं. चव घेतली तर औषध लागलं, म्हणून नातवंडांसाठी आणलेला लिंबाचा सोडा ओतला. आता गोड औषध झालं. तोवर जमीन तापली होती आणि जमिनीवरच पसरलेली फळीही. ऊब मिळताच फळीतून मुळ्याचा असा दरवळ सुटला की आम्हाला खालच्या मजल्यावर भूक लागली. त्याने खिडक्या उघडल्या. घर गार पडलं, म्हणून जमीन आणखी तापवली. वास आणखी उठला. वाऱ्याला ठेवावी म्हणून फळी उचलायला गेला, तर खाली टपकलेल्या पाण्याने लाकडी जमिनीवर तांबडं डबकं केलेलं. आपण बसडेपोतच मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

सासूबाई अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. मिरानने त्यांना ओट्याजवळच्या खुर्चीत बसवलं आणि वाटी भरून हातात दिली. म्हातारीने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"हे कुणाचं?"

"तुझंच की, आई."

"मरायला टेकलेय गं, पण जीभ अजून माझीच आहे. जावईबापू, हे कुणाचं?"

गिउकने मान खाली घातली. मिरानने बरणी बघितली, खिडक्या बघितल्या आणि मग जमीन बघितली. "दाउनचे बाबा," ती लेकराच्या नावाने हाक मारत अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

उत्तराची गरज पडली नाही. म्हातारी नाक वर करून वास घेत उठली होती. भिंतीला धरत धरत ती बाहेरच्या खोलीत गेली आणि फळीसमोर तापल्या जमिनीवर बसली. तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक. गिउक दारात उभा राहून शिव्यांची वाट बघत होता.

"मिरान," ती म्हणाली, "पेज आण."

मिरान धावली. म्हातारीने फळीकडे तोंड करून एक चमचा पेज खाल्ली. दुसरा खाल्ला. वाटी संपवली आणि रिकामी वाटी पुढे केली. मिरान बाहीने डोळे पुसायला लागली.

"आई," गिउक चाचरत म्हणाला, "उद्या हे प्रदर्शनाला न्यायचंय."

"न्या की. जेवायच्या वेळेला परत आणा म्हणजे झालं."

दुसरी वाटीही संपली. मग म्हातारीने पहिल्यांदाच डोळे नीट उघडून चित्राकडे बघितलं, डाव्या कोपऱ्यापासून उजव्यापर्यंत, सावकाश. लग्न झाल्यापासून या बाईने गिउकबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता.

"छान झालंय," ती म्हणाली.

तिच्या शेजारी गुडघे टेकून गिउक कसाबसा बोलला, "खरंच, आई?"

"मग? मीठ अगदी नेमकं पडलंय," म्हातारी म्हणाली. "मुळा कधी नव्हे एवढा मुरला यंदा. माझ्या हाताला अजून चव आहे म्हणायची."