आत्याचा लक्झेंबर्ग

हॉलला कुठला रंग द्यायचा यावरून घरात आठ दिवस जुंपली होती. आईला पिस्ता हवा होता, बाबांना बदामी आणि दादाला गडद निळा. तिघंही इरेला पेटलेले. अशा वेळी धाकटीनं गप्प बसायचं की नाही? पण नाही! बाईसाहेब एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय युरोपचं राजकारण आणि समाज. ‘एकमताची कला’ या नावाचा एकशेवीस पानांचा प्रबंध नुकताच बांधून आलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तोंडी परीक्षा. तिला राहवेना.

“युरोपात सत्तावीस देश एका टेबलाशी बसतात,” ती म्हणाली, “आणि आपल्याला पाच माणसांत एक रंग ठरवता येत नाही! आपण त्यांच्यासारखंच करू. प्रत्येकाला एक देश. सगळे हो म्हणतील तेव्हाच निर्णय.”

कल्पना सगळ्यांना आवडली, हीच खरी गोम. बाबांनी जर्मनी घेतला, आईनं फ्रान्स, दादानं इटली. बैठकीची अध्यक्ष धाकटी स्वतः. राहिली आत्या, बाबांची थोरली बहीण. चाळीस वर्षं याच घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत. तिच्या वाट्याला लक्झेंबर्ग आला. तिनं धाकटीनं दिलेला युरोपचा नकाशा डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“अगं, हा देश आहे की शाईचा डाग?”

“लहान आहे आत्या, पण त्यानं एकट्यानं नाही म्हटलं तरी सगळं अडतं.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं.”

आत्यानं नकाशाची नीट घडी घालून उशाशी ठेवली. तेव्हाच धाकटीनं सावध व्हायला हवं होतं.

बाबा ऑफिसातून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेले. नियम लिहायचे म्हटल्यावर त्यांच्या अंगात विशीतलं बळ आलं. कागद तयार झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि तो फ्रिजवर लागला. कलम तीन असं होतं: ‘हॉल आणि हॉलमधील कोणत्याही वस्तूबाबतचा निर्णय सर्वानुमतेच होईल.’

दुसऱ्या दिवशी, म्हणजे परीक्षेच्याच दिवशी, सकाळी नऊला रंगारी आला. त्यानं सोफा, टेबल, कपाट सगळं ढकलत मधोमध आणलं, वर चादरी टाकल्या आणि विचारलं, “कुठला रंग?”

“पिस्ता,” आई म्हणाली.

“नाही,” आत्या म्हणाली.

“बदामी?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“निळा?”

“मुळीच नाही.”

अकरा वाजले. रंगाऱ्याचे तीन चहा झाले. जर्मनीनं फ्रान्सशी स्वयंपाकघरात गुप्त बोलणी करून बदामीत पिस्त्याची पट्टी असा मसुदा आणला. इटली टीव्हीची जागा बदलून मिळाली तर पाठिंबा द्यायला तयार होता. लक्झेंबर्गनं मसुदा शांतपणे ऐकला, वाटाणे सोलता सोलता मान हलवली आणि म्हणाला, “नाही.”

साडेबाराला धाकटी आंघोळ करून, कपडे करून आली आणि तिनं कपाळावर हात मारला. प्रबंध! सही-शिक्क्याची प्रत कपाटात होती, आणि कपाटाची दारं सोफ्याला घट्ट चिकटलेली. ती प्रत हातात असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. पोरीची दोन वर्षं त्या कपाटात होती.

“काका, एवढं कपाट सरकवा!”

रंगाऱ्यानं हात घातला.

“थांबा,” आत्या म्हणाली. “हॉलमधील कोणतीही वस्तू. कलम तीन.”

“आत्या, अगं परीक्षा आहे माझी!”

“मग बैठक बोलव. तूच अध्यक्ष आहेस ना?”

“बाबा, तुम्ही तरी सांगा!”

बाबांचा चेहरा कसनुसा झाला. “बाळा, सही केलीय गं मी. ताईचं म्हणणं नियमाला धरून आहे.”

“मी सरकवतो की,” रंगारी म्हणाला. “मी कुठं देश आहे?”

“तुम्ही बाहेरचे,” बाबा गरजले. “ती घुसखोरी होईल!”

मग जी बैठक झाली ती विचारू नका. आई म्हणाली, पिस्त्याला हो म्हणत असाल तर कपाट हलवा. दादानं टीव्हीचा विषय पुन्हा काढला. बाबांनी दोघांना कार्यक्रमपत्रिकेची आठवण करून दिली. सव्वा वाजला. धाकटीला रडूच कोसळलं. ती मटकन आत्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

“सगळ्याला नाहीच म्हणतेस. मग तुला कुठला रंग हवाय, ते तरी सांग!”

आत्याच्या हातातला वाटाणा खाली पडला.

“मला?” ती म्हणाली. “मला होय? मला काही नाही गं. आहे तोच बरा आहे. जरा पुसून घेतला की झालं.”

आईनं बाबांकडे बघितलं. आठ दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. खरं तर चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं.

“मंजूर,” बाबा हळूच म्हणाले.

“मंजूर हो वन्सं,” आई म्हणाली. दादानं नुसताच हात वर केला. कपाटालाही आत्यानं हो म्हटलं, ते सरकलं, प्रबंध निघाला आणि धाकटी चपला हातात घेऊन जिना उतरली.

पोचायला अडीच वाजले. संपलं सगळं, असं मनाशी म्हणतच ती विभागात शिरली, तर शिपाई दाराशी निवांत बसलेला.

“बसा ताई. अजून सुरूच झालं नाही. पहिला प्रश्न कुणी विचारायचा यावर तिघांचं एकमत होत नाहीये.”

आत दोन प्राध्यापक हातवारे करत तावातावानं भांडत होते. तिसऱ्या, वयस्कर बाई, खिडकीजवळच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या होत्या. कुणी काहीही सुचवलं की त्या म्हणत, “नाही.”

धाकटीला ती खुर्ची ओळखीची वाटली. ती सरळ त्यांच्यापाशी गेली.

“मॅडम, तुम्हाला काय विचारायचंय?”

दोघांचं भांडण थांबलं. बाई दचकल्या.

“मला होय?” त्या म्हणाल्या. “मला काहीच विचारायचं नाही बाळ. मी वाचलाय तुझा प्रबंध. आहे तसाच चांगला आहे. शुद्धलेखनावरून जरा हात फिरवला की झालं.”

दोन्ही प्राध्यापक थकले होते. पाच मिनिटांत सह्या झाल्या.

बाहेर येऊन धाकटीनं घरी फोन लावला. आत्यानंच उचलला.

“पास झाले आत्या! तिघांच्या एकमतानं!”

“तिघंही हो म्हणाले? एकानंही अडवलं नाही?”

“नाही गं!”

“मग बिचाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही,” आत्या म्हणाली, “एकट्यानंही अडवता येतं म्हणून.”