पाण्याचा ब्रश आणि सासूबाईंची अठ्ठ्याऐंशी

कागद आणि ब्रश यांतलं मला कळत नाही असं काही उरलेलंच नाही! उभा जन्म जपानातल्या मिनो गावात गेला. इथे घरटी एक तरी माणूस हातकागदाच्या धंद्यात असतो. शिवाय गावच्या सभागृहातल्या कागदकलेच्या वर्गाची मी बारा वर्षं जुनी विद्यार्थिनी आहे. जुनी म्हणजे शिकवणाऱ्या बाई चुकल्या की पुढच्या बाकावरून खाकरणारी! त्यामुळे सासूबाईंच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाची आमंत्रणं छापून घेऊ, असं नवरा म्हणाला तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"अहो, छापील कार्डानं मावशी येतील?"

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, मित्सुए. त्या राहतात तोयामाला. त्यांच्या आईची उमे या आंबट फळाच्या लोणच्याची बरणी कोणी फोडली, यावरून दोघी बहिणींचा एकोणीस वर्षं अबोला! अबोला त्यांचा, पण बोलावं मला लागे. "तिला सांग, गुडघ्याला गरम पाण्याचा शेक दे म्हणावं, मूर्ख कुठली," असं सासूबाई म्हणत. त्यातला मूर्खपणा गाळून शेक तेवढा मी फोनवरून पोचवायचा. मग मावशींचं उत्तर, तेही गाळून, परत! एकसष्टाव्या वर्षी माझ्याच गुडघ्यांत जीव राहिलेला नाही हो. या समारंभात दोघींना समोरासमोर बसवायचं आणि या टपालखात्यातून निवृत्त व्हायचं, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून होरिबेकाकांच्या दुकानात पाण्याचा ब्रश घ्यायला गेले. दांड्यात पाणी भरायचं, हलकं दाबलं की ते केसांत उतरतं. वाटी नको, सांडलवंड नको. काकांनी तीन मांडले: बारीक, जाड आणि चपटा. मी प्रत्येकात पाणी भरून दाबून पाहिला. टोकाशी थेंब धरून ठेवेल तो ब्रश चांगला, टपकेल तो वाईट. बारीक टोकाचे दोन पसंत केले.

"दुसरा कशाला?" काकांनी विचारलं.

"त्यात काळी शाई भरून नावं लिहीन."

"मग पाणी घालून पाहिलात तो आधी पूर्ण सुकवा हं. दांड्यात पाणी राहतं. एक दिवस उलटा टांगून..."

"काका, बारा वर्षं!" मी म्हणाले. ते बिचारे पिशवीत ब्रश भरू लागले.

चोवीस कार्डं केली! प्रत्येकावर पांढऱ्या कागदाचा घडीचा करकोचा आणि त्याच्या पंखांवर पाण्यानं पसरवलेली पिवळ्याची जेमतेम छटा. आत फक्त सासूबाईंचं नाव, रविवारची तारीख, उपाहारगृहाचा पत्ता आणि 'सर्वांनी एकत्र जमावं' एवढंच. पंधराव्या कार्डाला पाठ गेली, विसाव्याला डोळे. शाईचा ब्रश सुकवायला सवड कुणाला होती? ओल्यातच शाई ओतली आणि लिहीत सुटले.

नवरा डोकावला. "कशासाठी जमायचं ते लिही की."

"अख्ख्या घराण्याला माहीत आहे! कमी शब्दांत शोभा असते."

"आणि शाई जरा पातळ वाटत नाही?"

"सुकली की गडद होते!"

बारा वर्षं रंगांत काढलेली बाई हे बोलली! रंग सुकल्यावर फिकटतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण थकलेलं माणूस स्वतःचं काहीही ऐकून घेतं. ओली कार्डं काळीभोर दिसत होती. शेवटच्याची शाई जेमतेम टिपून सगळी पाकिटात कोंबली आणि नवऱ्याला पेटीत टाकायला पिटाळलं.

तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. पहिला चुलतदीर तात्सुजींचा. आवाज अगदी खाली.

"वहिनी, कार्ड मिळालं. काय बोलू?"

"आवडलं का?"

"फार... फार साधं आणि सुंदर. मन भरून आलं. वहिनी, एकतीस वर्षं तुम्ही काकूंचं किती केलंत! सगळ्यांना दिसत होतं, बोललं कोणी नाही."

आता काय सांगू! एकतीस वर्षांत हे वाक्य माझ्या कानांवर पहिल्यांदा पडलं. मला रडूच फुटलं. फोनवर हुंदके!

"रडू नका. आता तरी विश्रांती घ्या."

"हो हो," मी नाक पुसत म्हणाले, "रविवारचं एकदा पार पडलं की सुटले बघा!"

तात्सुजींनी घाईघाईनं "येतो आम्ही" म्हणून फोन ठेवला.

असे एकवीस फोन आले. सगळे हळव्या आवाजात, सगळे माझं कौतुक करणारे, सगळे येणारे! आणि बाविसावा तोयामाहून. मावशींनी फक्त श्वास घेतला, "येते" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी नवऱ्याला सुनावलं, "बघा! हाताच्या कामात काय ताकद असते!"

रविवारी सकाळी उपाहारगृहाची मोठी खोली सजवली. समोर सासूबाईंचा भलामोठा फोटो, दोन्ही बाजूंना फुलं, तीही मीच मांडलेली. खुद्द सासूबाई शेजारच्या खोलीत सरकत्या दारामागे सोनेरी टोपी आणि सोनेरी बिनबाह्यांचं जाकीट घालून बसल्या होत्या. अठ्ठ्याऐंशीला आमच्याकडे हाच पोशाख! सगळे जमले की दार सरकवून त्यांना बाहेर आणायचं, हीसुद्धा माझीच कल्पना.

पहिले तात्सुजी आले. डोक्यापासून पायांपर्यंत काळ्या कपड्यांत! मला वाटलं, एवढाच चांगला कोट असेल. त्यांच्यामागे त्यांची बायको काळ्यात, मुलगा काळ्यात, हातांत जपमाळा. मग एकामागून एक बाकीचे, सगळे काळ्यात. मला वाकून नमस्कार करत एकेक जण माझ्या हातांत पाकीट ठेवू लागला. पाकिटांवर काळ्या-पांढऱ्या दोऱ्या आणि नावं फिकट राखाडी शाईत लिहिलेली.

ती शाई मी कुठेही ओळखीन. मयताच्या घरी द्यायच्या पैशांच्या पाकिटावर नाव पातळ शाईनंच लिहायचं, अश्रू पडून ती फिकी झाली असं दाखवायचं, ही तर आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असलेली रीत! मी तात्सुजींच्या हातातलं माझं कार्ड ओढून पाहिलं. पांढरा करकोचा आणि त्याखाली सासूबाईंचं नाव, सुकून, धुरासारखं राखाडी! आणि 'सर्वांनी एकत्र जमावं'!

"हल्ली लोक अंत्यविधी घरातल्या घरात उरकून मग बोलावतात ना," तात्सुजींची बायको माझा हात थोपटत म्हणाली. "आम्ही समजून घेतलं."

"अहो, तसं नाही..." मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून मावशी आल्या. वय ब्याऐंशी, पाठ वाकलेली, काळा किमोनो. कुणाकडे न बघता त्या थेट फोटोपुढे जाऊन कोसळल्या.

"ताई! ताई गं! बरणी मीच फोडली! मांजरीनं फोडली म्हणाले, खोटं बोलले! दर वर्षी वाटायचं, यंदा जाऊन सांगेन... आता कुणाला सांगू?"

खोलीतली सगळी माणसं रडू लागली. मीसुद्धा! लाजेनं की दुःखानं, ते अजून कळलेलं नाही.

आणि सरकतं दार धाडकन उघडलं.

"मांजरीनं?" सोनेरी टोपीतून आवाज आला. "आपल्याकडे मांजर होती कधी!"

मावशींनी किंकाळी फोडली. तात्सुजी मटकन बसले ते फुलांवरच. त्यांचा मुलगा जपमाळ पुढे धरून जोरजोरात काहीतरी पुटपुटू लागला. सासूबाई तुरुतुरु चालत बहिणीपुढे आल्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं, संपलं! आता हा अबोला दोघींच्या खऱ्या मरणापर्यंत!

"एवढी रडतेस?" सासूबाई म्हणाल्या. आवाज जरासा फाटला होता. "जिवंतपणी एकदा यायला काय झालं होतं?"

"तू बोलावलंस कुठं?"

"मग हिनं निरोप दिले नाहीत?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकींकडे पाहिलं. मग एकोणीस वर्षांनी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की आचारी भाताचं पातेलं घेऊन दारातच थांबला. लाल चवळीचा मंगल भात त्या दिवशी काळ्या कपड्यांतल्या तीसेक माणसांनी खाल्ला. मधोमध एक सोनेरी! प्रत्येकाची मी पाया पडून माफी मागितली, पाकिटं परत केली, आणि घरी येऊन पाय पाण्यात सोडून बसले. झालं एकदाचं. सुटले!

मावशी दोन दिवसांसाठी आमच्याकडे आल्या. त्याला आता पाच आठवडे होतील. दोघी पहाटे साडेपाचला उठतात आणि चहा समोर घेऊन बोलत बसतात, थेट, मध्ये कुणी लागत नाही. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं. माझं अक्षर, माझं सूप, माझी धुणी वाळत घालायची पद्धत! एकोणीस वर्षं दोघींना बोलायला मी लागायचे. अजूनही मीच लागते, फक्त आता विषय म्हणून.