बोटीवरच्या काकांचा लहेजा

"मला शिकवणी नको," मी दिग्दर्शकाला ठणकावून सांगितलं. "माझा कान एकदा ऐकलेलं सोडत नाही!"

चौदा वर्षांत मी पडद्यावर सात वेळा मेलो, चार वेळा दार उघडलं आणि एकदा पाठमोरा पळालो. आता पहिल्यांदाच बोलायचं होतं. परदेशी डॉक्टरची भूमिका, चांगली नऊ वाक्यं, तीही त्याच्या देशाच्या लहेजात! उच्चार शिकवायला त्याच देशाच्या एक बाई आणल्या होत्या. आठ दिवसांनी त्या परीक्षा घेणार आणि पास झालो तरच भूमिका माझी. नापास झालो तर नट होण्याचा नाद सोडून मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात बसायचं, असं बायकोला कबूल करून बसलो होतो.

तरी शिकवणी नाकारली, कारण आमच्या तळमजल्यावर महिन्यापूर्वी त्याच देशाचे एक म्हातारे गृहस्थ राहायला आले होते. जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळली, म्हणून सगळे त्यांना बोटीवरचे काका म्हणत. बायको इथलीच, त्यामुळे आपली भाषा त्यांना छान येत होती. अस्सल माल घरात असताना शिकवणी कशाला?

मी रोज सकाळी पेपर मागायच्या निमित्ताने त्यांच्याकडे जायचो. खिशात फोन रेकॉर्डिंगला लावलेला. काका भरभरून बोलत. प्रत्येक 'स'ला बारीक शीळ, दर चार शब्दांनी थांबून गालात जीभ फिरवणं, आणि वाक्य संपलं की जबडा टकदिशी मिटणं. मी सगळं वहीत टिपून घेतलं आणि ठरवलं, परीक्षेपर्यंत घरातही असंच बोलायचं!

बायकोने दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला.

"कसं काय जावईबापू?"

"स्स्सगळं... अगदी... स्स्सुखरूप!" टक.

पलीकडून फोन कट. अर्ध्या तासात सासूबाई, मेहुणा आणि त्यांचे डॉक्टर दारात हजर!

"जावईबापू, दोन्ही हात वर करा!" सासूबाई दारातूनच ओरडल्या.

"अहो, मी... स्स्सराव करतोय!"

"बघा डॉक्टर, बघा! तोंड वाकडं होतंय!"

डॉक्टरांनी मला हसायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं. मग म्हणाले, "मेंदू ठीक आहे. निदान आधी होता तेवढा."

मेहुण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, काळजी करू नका. दुकानात फारसं बोलावं लागत नाही."

मी मात्र मनातून खूश! सासूबाई फसतात, तर त्या बाई काय चीज आहेत?

परीक्षेच्या दिवशी बाई कानाला हेडफोन लावून बसल्या. पहिल्या वाक्याला त्यांच्या भुवया वर गेल्या. चौथ्याला त्यांनी हेडफोन काढून उलटसुलट करून पाहिला. नववं संपल्यावर त्या उठून जवळ आल्या.

"तोंड उघडा."

मी उघडलं. त्यांनी वाकून आत पाहिलं.

"दात तुमचेच?"

"म्हणजे काय! सगळे!"

"मग असं का बोलता? आमच्या देशात असं कुणी बोलत नाही. फक्त माझे आजोबा बोलायचे, कवळी सैल झाली तेव्हा."

मी घर कसं गाठलं ते माझं मला माहीत. लाजेने पार मेल्यासारखं झालं होतं. फाटकात बोटीवरचे काका उभे.

"या, या! आज नवी कवळी बसवली!" ते म्हणाले. शीळ नाही, टक नाही, काही नाही! "जुनी सारखी जिभेने सावरायला लागायची. तुम्ही मात्र रोज किती मन लावून ऐकलंत हो!"

त्या भल्या माणसावर रागावणार तरी कसं? मी जिन्यात बसून राहिलो. तेवढ्यात दिग्दर्शकाचा फोन.

"हे बघ, डॉक्टरची भूमिका गेली. पण ब्याण्णव वर्षांच्या आजोबांचं काम आहे. बारा वाक्यं! अगदी आज बोललास तसंच बोलायचं."

नऊच्या जागी बारा! मी जीव ओतून काम केलं.

चित्रपट लागला. मधे मी, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासूबाई. पडद्यावर पांढऱ्या दाढीतला मी आलो, तोंड उघडलं, आणि आतून खणखणीत, भारदस्त आवाज निघाला. माझा नव्हे! मध्यंतरात मी बाहेर पळालो आणि दिग्दर्शकाला फोन लावला.

"अरे, सांगायचं राहिलंच," तो म्हणाला. "तू इतकं अस्सल केलंस की कुणाला एक शब्द कळेना. म्हणून आवाज दुसऱ्याचा घेतला."

मी येऊन गुपचूप खुर्चीत बसलो. बायको डोळे पुसत होती. तिने माझा हात घट्ट धरला.

"अहो, चौदा वर्षांनी तुमचा आवाज ऐकला पडद्यावर! ओळखूच आला नाही, इतका गोड!"

मी नुसती मान डोलावली, आणि घरी पोचेपर्यंत तोंड उघडलं नाही.