झेंड्याच्या अक्षता

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीचं आमंत्रण अक्षता देऊन होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही आणि नोटीस बोर्डावर तर नाहीच नाही. आदल्या संध्याकाळी बेल वाजते आणि दारात दामूदादा घरत उभे असतात. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात पितळी वाटी. वाटीतले हळदकुंकवाचे चार तांदूळ तुमच्या तळहातावर ठेवून म्हणतात, "उद्या सकाली आठाला खाली झेंडा हाय. चूलबंद निवतं हाय. घरान कोन राहाता कामा नाय."

चूलबंद निवतं म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांना आमंत्रण, चूल पेटवायचीच नाही. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "दादा, आमच्याकडे चूल कुठे आहे? गॅस आहे." तर म्हणाले, "मंग टाकीचा कान पिरगल आनि ये."

मी या सोसायटीची सेक्रेटरी. निवडून आले असं म्हणायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर त्या मिटिंगला मी गैरहजर होते. मूळची साताऱ्याची, बँकेत नोकरी, आणि पनवेलला आले ती फ्लॅट परवडला म्हणून. बिल्डिंगमधले बहुतेक सगळे असेच कुठून कुठून आलेले. खरे इथले एकच, दामूदादा. आणि इथल्या माणसानं बाहेरच्यांना सांभाळून घ्यायचं असतं, असं त्यांनी कुणी न सांगता डोक्यात घेतलेलं.

अक्षतांचं पहिलं वर्ष मी जन्मात विसरणार नाही. दादांनी दारोदार सांगितलं, "उद्या आपले हितं कार्य हाय." हातावर अक्षता पडलेल्या. सांगा, माणूस काय समजेल? सकाळी चौथ्या मजल्यावरच्या सुब्रमण्यम वहिनी कांजीवरम नेसून, गजरा माळून खाली आल्या आणि त्यांच्यामागून मिस्टर, चमकत्या कागदात बांधलेला डिनर सेट छातीशी धरून. ओडिशाच्या महापात्रांच्या खिशात आहेराचं पाकीट. गुप्ताजी तर शेरवानीत! माझ्या कानाशी लागून म्हणाले, "भाभीजी, दूल्हा किधर है?" दादांनी ते ऐकलं आणि झेंड्याच्या खांबाकडे बोट केलं. "ह्यो काय, डोक्याला फुलं बांधून उभा हाय!"

हसून हसून पुरेवाट झाली. पण एक गोष्ट मला कबूल केलीच पाहिजे. आदल्या वर्षी झेंड्याला कमिटी आणि वॉचमन सोडून काळं कुत्रं आलं नव्हतं, आणि त्या दिवशी पार्किंगमध्ये उभं राहायला जागा नव्हती. डिनर सेट परत न्यायला सुब्रमण्यम तयार होईनात. तेव्हापासून कमिटीच्या मिटिंगला आम्ही त्यातच वेफर्स खातो.

दादांचा भूगोल पळस्पे फाट्यापासून सुरू होतो. फाट्यावरून एक रस्ता पुण्याला जातो, एक गोव्याला. म्हणजे या देशातला प्रत्येक माणूस या दोनपैकी एका रस्त्यानं आलेला असणार, हा त्यांचा हिशोब. नवीन भाडेकरूचं सामान उतरत असतानाच ते विचारतात, "कंच्या रस्त्याचे तुमी?" केरळवाले गोव्याच्या रस्त्याचे. हैदराबादवाले पुण्याच्या. महापात्रांच्या बाबतीत त्यांनी आठवडाभर विचार करून पुणं दिलं.

इतिहास चिरनेरपासून सुरू होतो. दादांचा आजा चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात होता. सव्वीस जानेवारीला जे दार उघडणार नाही, त्या दारावर थाप पडते. "आरं, माजे आज्याने साहेबाची गोली चुकवली ती काय तुमी पांघरून घेऊन घोरायला?" बेंगळुरूहून आलेली आयटीतली पोरं एका शब्दाचा अर्थ कळला नाही तरी दात न घासता खाली पळतात.

आणि कायदा? तो तर दादांचा स्वतःचाच. आमचे खजिनदार जोशी. माणूस भला, पण त्यांना प्रमुख पाहुण्यांची फार हौस. त्यांनी एका पुढाऱ्याच्या हस्ते झेंडावंदनाचा घाट घातला होता. समोरच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक मिळतील, हा मतलब. दादा मिटिंगमध्ये उभे राहिले. "घरची पोर आनि कन्यादान पावन्याच्या हातनं? आमचे गावान झेंडा पालीनं. दर वर्साला एक घर. हितं पन तसाच."

जोशी म्हणाले, "बरं, पाळीनं. पण फक्त मेंबर. भाडेकरू नाहीत. नियम आहे."

"झेंडा कोनाचे नावावर हाय?" दादांनी विचारलं. "सातबारा दाखव."

आता झेंड्याचा सातबारा जोशी कुठून आणणार? ते नुसते चष्मा पुसत बसले. "ठरला म्हंजे ठरला," म्हणून दादांनी मिटिंग संपवून टाकली. ती संपवायचा अधिकार खरं तर माझा होता, पण असो.

तेव्हापासून पाळी सुरू झाली. महापात्रांनी झेंडा लावला. सुब्रमण्यम वहिनींनी लावला, तेव्हा गाठ सुटेना म्हणून त्या घामाघूम झाल्या. अन्सारींच्या अम्मी वॉकर घेऊन आल्या. एका हातानं दोरी ओढायची तर वॉकर सुटणार. दादा पुढे झाले आणि वॉकर घट्ट धरून उभे राहिले. अम्मी म्हणाल्या, "बेटा, गिरूँगी तो नहीं?" दादांना हिंदी जेमतेम. म्हणाले, "मी हाय ना."

असं करत करत यंदा दादांची स्वतःची पाळी आली. मी आपली खुशीत. हार काय आणायचा, फोटो कोण काढणार, सगळं मनात मांडून झालं. तर दादांनी परस्पर भलताच माणूस पुढे केला. दुसऱ्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली मणिपूरची नर्स, बेमबेम.

तिलाही त्यांनी आल्या आल्या रस्ता विचारला होता. ती म्हणाली, "मैं तो फ्लाइट से आई, अंकल. यहीं उतरी, नए एअरपोर्ट पे." दादांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "म्हंजे तू आमचे गावावरनंच आलीस." तिला काही समजलं नाही. मलाही तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याची नेहमीची गंमत.

मी तडक त्यांच्या घरी गेले. "दादा, यंदा पाळी तुमची. नियम तुमचाच आहे."

"मी निवतं करनारा, सेक्रेटरीबाय. निवतं करनाऱ्याला पाली नसते."

"हे कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलंय?"

 दादा उठून गॅलरीत गेले आणि ओल्याच तुळशीला पाणी घालत बसले. तेव्हा यमुनाकाकूंनी, त्यांच्या बायकोनं, मला हळू आवाजात सांगितलं. गावात त्यांचं घर अगदी शेवटचं, खाडीच्या अंगाला. सगळ्या गावाची पाळी होऊन मग त्यांची यायची. दादांनी अख्खा जन्म वाट बघितली. नवीन सदरा शिवून ठेवला. आणि पाळी आली त्याच वर्षी गाव उठलं, विमानतळाला गेलं. शाळा पाडली, झेंड्याचा खांब काढला. माणसं कुणी बेलपाड्याला पाहुण्यांकडे, कुणी नेऱ्याकडे, कुणी नव्या प्लॉटवर.

"तिला काय सांगतंस?" दादा गॅलरीतून ओरडले आणि आत येऊन माझ्यासमोर बसले. मग मात्र स्वतःच बोलले. "बाय, ही बिल्डिंग मना परकी नाय. पन झेंडा लावायचा तं मागं आपला गाव उभा लागतो. माजा गाव कुठं हाय? हात दोरीला लागला का मना ती शाळाच दिसल. मी रडंन बाय. इतक्या मान्सांत रडंन."

असं काही ऐकलं की मला नेहमी रागच येतो. तिथल्या तिथे मी ठरवलं. साताऱ्याची हट्टी बाई आणि ठरला म्हंजे ठरलावाला म्हातारा, बघू कोण जिंकतं! दारात चपला घालता घालता मी काकूंच्या कानात एकच वाक्य सांगितलं. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि मान हलवली.

रविवारी आम्ही दोघी निघालो. दादांना सांगितलं, डोळे तपासायला जातो. काकूंनी पितळी वाटी पिशवीत लपवून आणलेली. बेलपाड्याला गेलो, नेऱ्याला गेलो, नव्या प्लॉटच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. काकूंना प्रत्येक दार पाठ. एक म्हातारी कुबड्या घेऊन ओट्यावर बसली होती. अक्षता हातात पडल्या तशी म्हणाली, "दाम्या झेंडा लावतं? मंग येवाच लागल. मना उचलून न्यावा लागला तं उचलून न्या." ती एकेकाळची त्यांची शेजारीण.

सव्वीसला सकाळी दादा नेहमीसारखे खाली हजर. बेमबेमला रांगेत पुढे उभं करत होते, बेंगळुरूच्या पोरांना बटणं लावायला सांगत होते. तेवढ्यात गेटशी टेंपो थांबला. त्यातून लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या उतरल्या, टोप्यावाले बाप्ये उतरले, त्यांची सुनामुलं उतरली. ती कुबड्यांवाली दोघांच्या खांद्यावर हात टाकून आली. वॉचमननं विचारलं, "किसके यहाँ?" कुणीतरी म्हणालं, "घरचाच कार्य हाय," आणि सगळे आत. सुब्रमण्यम वहिनी खुर्च्या घेऊन धावल्या, पण एकही जण बसायला तयार होईना. खांबाच्या मागे ते सगळे ओळीनं उभे राहिले.

दादांचं तोंड उघडं ते उघडंच. "यांना कोनी बोलावला?" काकू आभाळाकडे बघत राहिल्या. माझ्याशी ठरल्याप्रमाणे बेमबेम पुढे आली, दादांचा हात धरून त्यांना खांबाशी घेऊन गेली आणि दोरी त्यांच्या हातात देऊन मागे सरली.

दादांनी दोरी ओढली. फुलं पडली, झेंडा उलगडला, आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. दादांनी मात्र झेंड्याकडे पाठ फिरवली. दोरी मुठीत धरून, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत, ते माणसांकडे बघत होते. एकेक चेहरा, सावकाश, गावचे आणि बिल्डिंगचे, सगळे.

जोशींना राहवेना. पुढे होऊन हळूच म्हणाले, "दादा, वर बघायचं असतं. झेंड्याकडे."

"वरचा दर वर्साला दिसतो रं," दादा म्हणाले. "आज खालचा बघू दे."

 जोशींनीच मग राष्ट्रगीत सुरू केलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.